चार कुलपांची पेटी: लायस्निग मंडळीचा सामायिक निधी, १५२३

जर्मनीतल्या सॅक्सनीत मुल्डे नदीच्या काठी असलेल्या लायस्निग या लहान गावाने १५२३ मध्ये आपल्या मंडळीचा सगळा पैसा एकाच पेटीत आणायचे ठरवले. पाळकाचे वेतन, शाळा, अनाथ मुले, म्हातारी आणि आजारी माणसे, चर्चचे छप्पर, नदीवरचा पूल, दुष्काळासाठीचे धान्य असा सारा खर्च त्या एका पेटीतून व्हायचा होता. नियमावली लिहून झाली, चर्चसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने तिला प्रस्तावना जोडली आणि ती छापून घेतली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १५२४ मध्ये, लायस्निगच्या उपदेशकावर उपासमारीमुळे गाव सोडण्याची पाळी आल्याचे त्याच ल्यूथरला पत्रात लिहावे लागले.

लुथरन मंडळीजीवनाच्या इतिहासात या नियमावलीचे नाव आदराने घेतात. पाळक निवडण्यापासून गरिबाच्या घरी भाकरी पोचवण्यापर्यंतची सगळी जबाबदारी मंडळीने स्वतःच्या अंगावर घेतली आणि त्याचे नियम बारकाईने कागदावर उतरवले, हे मोठेच काम होते. पण नियमांच्या कौतुकावर थांबले की उपाशी उपदेशकाचा उलगडा होत नाही. त्यासाठी पैशाचा माग काढावा लागतो. तो कुठून यायचा होता, तोवर कुणाच्या ताब्यात होता आणि नेमका कुठे अडला, हे पाहावे लागते.

पेटीच्या आधी

लायस्निगच्या चर्चवर पाळक नेमण्याचा हक्क जवळच्या बूख येथील सिस्टर्शियन या कॅथलिक साधुसंघाच्या मठाकडे होता. मठाधिपती पाठवील तो पाळक गावाने स्वीकारायचा, ही जुनी रीत. सप्टेंबर १५२२ मध्ये ल्यूथर लायस्निगला येऊन गेला. त्याच सुमारास मंडळीने मठाला न विचारता आपली माणसे स्वतः निवडली. हाइनरिश किंड पाळक झाला आणि योहान ग्रूनर उपदेशक. किंड हा खुद्द बूख मठातलाच माणूस, त्यामुळे मठाधिपतीला ही निवड जास्तच झोंबली असणार. त्याने हरकत घेतली.

जानेवारी १५२३ मध्ये मंडळीचे दोन प्रतिनिधी पत्र घेऊन ल्यूथरच्या गावी, विटेनबर्गला गेले. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. मंडळीला स्वतःचा पाळक निवडता आणि काढता येतो याला शास्त्राचा आधार हवा होता, उपासना कशी चालवावी याचे मार्गदर्शन हवे होते, आणि पेटीच्या योजनेवर ल्यूथरचे मत हवे होते. त्याच वर्षी ल्यूथरने तिन्ही विषयांवर स्वतंत्र छोटी पुस्तिका काढली. एका गावाच्या अडचणीतून निघालेल्या या तीन पुस्तिका पुढे जर्मनीभरच्या मंडळ्यांनी वाचल्या.

पैशाची जुनी व्यवस्था समजली नाही तर पेटीची गरजही समजत नाही. माणूस मरताना शेत, घर किंवा रक्कम चर्चच्या नावे ठेवी. त्या उत्पन्नातून ठरलेल्या वेदीपाशी, ठरलेल्या दिवशी, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची कॅथलिक उपासना, होई. प्रत्येक वेदीचे असे वर्षासन असे आणि ते खाणारा धर्मगुरू वेगळा असे. लायस्निगमध्ये अशी चार वेदींची वर्षासने होती. शिवाय कालांड, संत अन्ना आणि चांभार या नावांचे बंधुसंघ, म्हणजे प्रार्थनेसाठी आणि परस्परांच्या मदतीसाठी जमलेल्या लोकांच्या संघटना, होत्या. त्यांची पुंजी वेगळी आणि ती सांभाळणारे हातही वेगळे. यांतल्या बऱ्याच देणग्यांवर नगरसभेची देखरेख होती. गरिबाला मदत मिळे ती दारात मागून किंवा चर्चच्या पायरीवर बसून. त्यातही भिक्षेकरी मठवासी वाटेकरी होते. निरनिराळ्या संघांच्या साधूंची भिक्षेसाठी मुक्कामाची तीन ठिकाणे गावात होती.

मेलेल्यांसाठीच्या मिस्सा निरर्थक आहेत, असे नव्या शिकवणीने ठरवले. मग ज्या कामासाठी पैसा ठेवला ते काम संपले, पैसा मात्र तसाच राहिला. तो कुणाचा? देणाऱ्याच्या वारसांचा, वर्षासन खाणाऱ्या धर्मगुरूचा, मठाचा, नगरसभेचा की मंडळीचा? लायस्निगचे उत्तर होते, मंडळीचा. पाचही दावेदार आपापल्या बाजूने खरे वाटत होते, आणि पुढच्या भांडणाचे मूळ तिथेच आहे.

दहा पंच, चार किल्ल्या

पेटीचा कारभार दहा पंचांकडे दिला. उमरावांतले दोन, चालू नगरसभेतले दोन, गावातल्या सामान्य नागरिकांतले तीन आणि खेड्यांतल्या शेतकऱ्यांतले तीन. म्हणजे दहांत सहा जण साधे लोक. आसपासची खेडी याच परगण्यात मोडत असल्यामुळे शेतकऱ्यांना जागा मिळणे न्याय्य होते, पण त्या काळी कारभाराच्या मेजाशी शेतकऱ्याला नागरिकाच्या बरोबरीची संख्या देणे ही साधी गोष्ट नव्हती. दोनच वर्षांनी, १५२५ मध्ये, जर्मनीतल्या अनेक प्रांतांत शेतकऱ्यांचे बंड पेटले. त्यांच्या बारा मागण्यांत पहिलीच मागणी मंडळीला स्वतःचा पाळक निवडता यावा ही होती, हे इथे आठवते.

पेटी चर्चमध्येच, सर्वांत सुरक्षित जागी ठेवायची. तिला चार वेगवेगळी कुलपे. एक किल्ली उमरावांकडे, एक नगरसभेकडे, एक गावच्या नागरिकांकडे आणि एक शेतकऱ्यांकडे. चौघे एकत्र आल्याखेरीज पेटी उघडत नाही. यात दोन वेगळी गणिते गुंतलेली आहेत. ठराव करताना दहा माणसे मोजायची, तिथे साध्या लोकांचे पारडे जड. पेटी उघडताना मात्र वर्ग मोजायचे, तिथे चौघेही सारखे आणि कुणीही एकटा काम अडवू शकतो. नियम करणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले असावे. बहुमताच्या जोरावर पैसा वाटेल तसा उधळला जाऊ नये, आणि मूठभर प्रतिष्ठितांनी तो परस्पर वळवू नये, असा दुहेरी बंदोबस्त त्यातून होतो.

पंचांनी दर रविवारी अकरा ते दोन या वेळात पाळकाच्या घरी किंवा नगरसभेच्या इमारतीत बसायचे. वेळ व्यवहारी आहे. सकाळच्या उपासनेसाठी खेड्यांतली माणसे गावात आलेलीच असतात. शेतकरी पंचाला वेगळी फेरी पडत नाही आणि अर्ज घेऊन येणाऱ्या विधवेलाही नाही. आठवड्याला तीन तास म्हणजे बैठक नावापुरती राहत नाही. एखाददुसरा पंच योग्य कारणाने गैरहजर असला तरी उरलेल्यांनी काम थांबवायचे नाही, हेही लिहून ठेवले होते. समित्या नेमणाऱ्याला या एका वाक्याचे मोल ठाऊक असते.

नोंदींसाठी तीन वह्या. मुख्य वहीत नियमावली, दस्तऐवज आणि उत्पन्नाच्या बाबी. दुसरीत पंचांचे ठराव आणि रेंगाळलेली कामे. तिसरीत हिशेब. वह्या पेटीतच ठेवायच्या, म्हणजे त्यांनाही तीच चार कुलपे लागू.

सगळ्या मंडळीची सभा वर्षातून तीनदा भरायची. १३ जानेवारी, २५ मे आणि २९ सप्टेंबर यांच्या नंतर येणारे रविवार त्यासाठी नेमले होते. शेवटच्या दोन तारखा संत अर्बन आणि संत मायकल यांच्या दिवसांच्या, म्हणजे लिहितावाचता न येणाऱ्यालाही लक्षात राहणाऱ्या. जानेवारीच्या सभेत जुन्या पंचांनी वर्षाचा हिशेब सर्वांसमोर मांडायचा आणि नव्या दहांची निवड व्हायची. पंचपद एका वर्षाचे.

खर्चाची बाजू

नियमावलीचा सर्वांत भरीव भाग हाच आहे. पाळक, उपदेशक आणि चर्चचा रखवालदार यांना पैसा, धान्य आणि जमिनीचा उपभोग अशा मिळून ठरलेल्या मोबदल्यावर ठेवायचे. रक्कम दर तिमाहीला द्यायची आणि पावती घ्यायची. एवढ्यावर त्यांनी समाधान मानायचे. कुणी न मागता, आपखुशीने दिलेली भेट सोडली तर लोकांकडून काहीही मागायचे नाही आणि घ्यायचे नाही. बाप्तिस्मा, कबुलीजबाब आणि दफन या प्रत्येक विधीमागे हात पुढे करणाऱ्या जुन्या पद्धतीला लोक कंटाळले होते, त्यामुळे या कलमाचे स्वागतच झाले असणार. कलम दिसायला चांगले, पण धोकाही त्यातच दडलेला होता. त्याकडे पुढे वळू.

मुलग्यांसाठी शिक्षक नेमायचा आणि त्याचे वेतन पेटीतून द्यायचे. मुलींसाठी वेगळी तरतूद होती. वयाने पोक्त आणि चारित्र्यवान अशा स्त्रीने बारा वर्षांखालच्या मुलींना रोज ठरलेले तास जर्मन वाचायला आणि लिहायला शिकवायचे, तेही दिवसाच्या लख्ख उजेडात आणि सभ्य ठिकाणी. तिचा मोबदलाही पेटीतूनच. लहानशा गावाच्या अंदाजपत्रकात १५२३ साली मुलींच्या शिक्षिकेचे वेतन दिसते, ही बाब सहसा पुरेशी अधोरेखित होत नाही.

गरिबांचे नियमावलीने गट पाडले आहेत आणि प्रत्येक गटाला वेगळा उपाय सांगितला आहे. म्हातारपणामुळे किंवा आजारपणामुळे ज्यांना काम होत नाही आणि ज्यांचे कुणी नाही, त्यांना पेटीतून पोसायचे. अनाथ मुलांना वाढवायचे, मग मुलाला धंदा शिकवायचा आणि मुलीच्या लग्नाला मदत करायची. कष्टाळू असूनही अडचणीत आलेल्या घरवाल्या कारागिराला धंदा सावरण्यासाठी कर्ज द्यायचे. ते फेडता आले तर फेडावे, खरोखरच फेडता आले नाही तर देवासाठी सोडून द्यावे. नव्याने गावात येऊन बसलेल्यालाही पाय रोवण्यापुरती उसनवारी मिळे. धडधाकट माणसाच्या भीक मागण्याला मात्र जागा नव्हती. त्याने काम करावे किंवा गाव सोडावे. फिरत्या साधूंना आणि परगावच्या भिक्षेकरी विद्यार्थ्यांना बंदी होती. साधूंची ती तीन ठिकाणे योग्य किमतीला विकत घेऊन पेटीच्या मालकीची करायची होती. जप्ती करायची नव्हती, विकत घ्यायची होती. गरिबांचा निधी दुसऱ्याच्या हक्कावर उभा राहू नये, एवढी जाण नियम करणाऱ्यांना होती.

कर्ज आणि दान यांच्या मधली ही सोय हुशारीची आहे. सरळ दान दिले की माणूस दुसऱ्यांदा येतो तो लाजत तरी किंवा सवयीने तरी. कर्ज म्हणून दिले की तो कारागीर राहतो. फेड झाली नाही तर पेटीला तोटा होतो खरा, पण तो सोसण्याचे नियमावलीने आधीच कबूल केलेले असते. त्यामुळे पंचांवर वसुलीचा तगादा लावायची वेळ येत नाही.

दोन पंचांवर बांधकामांची जबाबदारी होती. चर्च, पाळकाचे घर, शाळा, रखवालदाराचे घर, रुग्णालये, आणि रीत होती तेवढ्यापुरता पूलसुद्धा. चर्चमध्ये दान गोळा करण्याचे कामही याच दोघांकडे दिले होते. पैशासाठी पेट्या आणि वस्तूंसाठी दोन पिंपे ठेवायची, त्यांत लोक भाकरी, चीज, अंडी, मांस टाकत. टिकाऊ वस्तू रविवारच्या बैठकीपर्यंत ठेवायच्या, नासणाऱ्या त्याच दिवशी गरिबांच्या घरी पोचवायच्या. अंडी आठवडाभर कुलपात राहिली तर चार किल्ल्यांचा काय उपयोग! जे नाशवंत आहे त्याला जलद आणि सैल वाट, जे टिकाऊ आहे त्याला संथ आणि कडक वाट. दानातल्या वस्तूंची अशी विभागणी आजही पुष्कळ ठिकाणी नीट केलेली आढळत नाही.

शेवटी धान्यकोठार. स्वस्ताईत धान्य घेऊन साठवायचे आणि टंचाईत गावाला आणि खेड्यांना विकायचे, उसने द्यायचे किंवा फुकट वाटायचे, माणसाच्या ऐपतीप्रमाणे. तीन शेतकरी पंचांची इथे खरी गरज होती. भाव कधी पडतात आणि दाणा किती दिवस टिकतो, हे त्यांच्याइतके नगरसभेतल्या माणसाला कळत नाही.

जमेची बाजू

पेटीत येणाऱ्या पैशाचे तीन ओघ ठरवले होते.

पहिला आणि सर्वांत मोठा ओघ जुन्या मालमत्तेचा. चर्चच्या आणि परगण्याच्या जमिनी, चार वेदींची वर्षासने, बंधुसंघांची पुंजी, मृत्युपत्रांतल्या देणग्या. हे सारे पेटीकडे वर्ग करायचे. पण वर्षासन खाणारा धर्मगुरू जिवंत असेपर्यंत त्याचे उत्पन्न काढायचे नाही, तो वारला की नवा नेमायचा नाही आणि मग ते पेटीत जमा करायचे. माणुसकीचा नियम. मात्र त्यामुळे हा पैसा एकेका मृत्यूच्या गतीने मोकळा होणार, आणि कोणते वर्षासन कधी सुटेल हे कुणालाच सांगता येणार नाही. याउलट वेतने पहिल्या तिमाहीपासून सुरू.

दुसरा ओघ आपखुशीच्या दानाचा. पेट्या, पिंपे आणि मरताना ठेवलेल्या रकमा. त्याची खात्री नाही, पण गरिबांच्या रोजच्या मदतीला तो पुरेल असा अंदाज करता येतो.

तिसरा ओघ तुटीच्या वेळचा. वरच्या दोन्हींनी भागले नाही तर सर्वसाधारण सभेने वार्षिक वर्गणी ठरवायची. उमराव, नागरिक आणि शेतकरी, प्रत्येक घरवाल्याने ऐपतीप्रमाणे स्वतःची, बायकोची आणि मुलांची वर्गणी भरायची. घर नसलेले नोकर आणि कारागिरांचे हाताखालचे गडी यांनीही दर तिमाहीला थोडे द्यायचे. आता नियमावलीचे स्वरूप पाहा. ती एक बंधुत्वाचा करार आहे. ज्याने मनापासून मान्य केले तो देईल. न देणाऱ्यावर पंच काय कारवाई करणार? त्यांच्याकडे शिपाई नाही, न्यायालय नाही. शासकाने मान्यता दिली तरच वर्गणीला कराचे बळ आले असते.

घोडे अडले कुठे

नगरसभेने आपल्या ताब्यातल्या देणग्या आणि दस्तऐवज पंचांच्या हवाली करायला नकार दिला. एवढ्याने पहिला ओघ बंद झाला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नगरसभेच्या जागी बसून पाहिले तर नकार तितका विक्षिप्त वाटत नाही. आजवर या देणग्यांची देखरेख तिची होती. पेटीत टाकल्या की दहांत तिची माणसे फक्त दोन. तिच्याकडे चारांतली एक किल्ली होती, म्हणजे गैरखर्च तिला रोखता आला असता, पण रोखण्याचा हक्क आणि चालवण्याचा हक्क यांत फार अंतर असते. शिवाय उद्या मठाने किंवा शासकाने हा पैसा परत मागितला तर जाब कुणाला विचारला जाणार? दहा पंच वर्षाने बदलतात, नगरसभा जागेवरच असते. असा हिशेब तिने केला असेल तर नवल नाही. पण तिच्या भीतीला उत्तर देणारे एकही कलम नियमावलीत दिसत नाही.

ल्यूथरच्या प्रस्तावनेचा रोख इथे तपासण्यासारखा आहे. मठ रिकामे होतील तेव्हा त्यांच्या मालमत्तेवर लोक तुटून पडतील आणि लोभ सगळे गिळून टाकील, ही त्याची मुख्य चिंता होती. म्हणून त्याने मठांच्या मालमत्तेची विभागणी सुचवली. मठात राहू इच्छिणाऱ्यांना आयुष्यभर पोसावे. बाहेर पडणाऱ्यांना नव्याने उभे राहण्यापुरते द्यावे. उरलेले सामायिक पेटीत घालावे. देणगीदाराचे वारस गरिबीत असतील तर त्यांनाही त्यातले द्यावे. सल्ला उदार आहे, तपशीलवार आहे, आणि हा सल्ला आहे, आज्ञा नव्हे, हे तो स्वतःच स्पष्ट करतो. पण लायस्निगला हिसकावणाऱ्यांनी बुडवले नाही. ज्यांच्या हातात आधीपासून होते त्यांनी मूठ सोडली नाही. लोभ आणि मालमत्तेची जुनी जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर प्रवचन चालते, दुसरीसाठी हस्तांतराचा दस्तऐवज लागतो.

ऑगस्ट १५२३ मध्ये ल्यूथर पुन्हा लायस्निगला गेला. भांडण डोळ्यांनी पाहिले आणि त्याच महिन्यात सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला शासक) फ्रेडरिक याला दोनदा पत्र लिहून नियमावलीला मान्यता देण्याची विनंती केली. मान्यता मिळाली नाही. फ्रेडरिक ल्यूथरला संरक्षण देत होता, पण ल्यूथरला कायद्याबाहेर टाकणाऱ्या १५२१ च्या वर्म्सच्या फर्मानानंतर तो प्रत्येक पाऊल जपून टाकत होता. ल्यूथरला मठांच्या आणि सम्राटाच्या रोषापासून वाचवणे वेगळे, आणि चर्चच्या मालमत्तेची वाटणी स्वतःच्या सहीशिक्क्याने कायम करणे वेगळे. पहिल्यात तो ‘अजून निर्णय झालेला नाही’ असे म्हणू शकत होता, दुसऱ्यात तसे म्हणायला जागा उरत नव्हती. १५२५ च्या मे महिन्यात तो वारला तोपर्यंत हे धोरण बदलले नाही.

आता वेतनाच्या त्या कलमाकडे. जुन्या पद्धतीत पाळकाचे पोट विधींच्या दक्षिणेवर आणि परगण्याच्या उत्पन्नावर भरे. नव्या पद्धतीने दक्षिणा बंद केली आणि तिच्या जागी पेटीतले तिमाही वेतन ठेवले. पेटी भरली असती तर हा बदल सर्वांच्या सोयीचा होता. पेटी भरली नाही, आणि दक्षिणा मागायची सोयही उरली नाही. जणू जुना पूल पाडला तेव्हा नवा अजून बांधायचाच होता. १५२४ मध्ये तिथे उपदेशक असलेल्या टिलेमान श्नाबेलची उपासमार मंडळीच्या निष्ठुरपणातून आली असे मानायचे कारण नाही. खर्चाची बाजू पहिल्या दिवसापासून लागू झाली आणि जमेची बाजू कुणाच्या तरी संमतीवर लटकत राहिली, एवढे कारण पुरते. मूळचा आल्सफेल्डचा आणि आधी ऑगस्टिनियन साधुसंघात असलेला श्नाबेल पुढे जर्मनीतल्या हेस प्रांतात आपल्या गावी परतला आणि तिथल्या सुधारणेच्या कामात पुढे आला.

एकच पेटी ठेवण्याचा दोषही इथेच उघडा पडतो. वेतन ठरलेले, तारखेला द्यायचे. बांधकाम अनियमित पण एकदम मोठे. गरिबांची गरज दर आठवड्याची आणि थोडी थोडी. धान्याचा पैसा वर्षभर अडकून राहणारा. चार वेगवेगळ्या चालीचे खर्च एका पेटीत आणले की पेटी कमी भरलेली असताना प्रत्येक निर्णय भांडणाचा होतो. शाळेचे छप्पर गळते आहे आणि उपदेशकाचे वेतन थकले आहे, अशा रविवारी चार किल्लीवाले एकमत करतील कशाला? पाळकाला द्यावे तर गरिबाच्या तोंडचा घास काढला असे दिसते, गरिबाला द्यावे तर पाळक उपाशी. आपण टाकलेले नाणे कुणाकडे गेले हे दान टाकणाऱ्यालाही कळत नाही, आणि अशा वेळी हात आखडता होतो.

पुढच्यांनी काय बदलले

विटेनबर्गचा पाळक योहानेस बुगेनहागेन याने १५२८ मध्ये ब्राउनश्वाइग शहरासाठी नियमावली लिहिली. दहा पंच, चार कुलपे असल्या लायस्निगच्या खुणांपेक्षा त्याने तिथल्या दुखण्याकडे लक्ष दिलेले दिसते. त्याने पेट्या दोन केल्या. गरिबांच्या पेटीत उपासनेत गोळा झालेले दान आणि आपखुशीच्या देणग्या जायच्या, आणि ते गरिबांवरच खर्च व्हायचे. दुसऱ्या खजिन्याच्या पेटीत जुन्या देणग्यांचे आणि मालमत्तेचे उत्पन्न जायचे. पाळकांची आणि शिक्षकांची वेतने आणि इमारतींची डागडुजी त्यातून. गरिबासाठी नाणे टाकणाऱ्याला ते गरिबालाच मिळाल्याची खात्री झाली आणि उपदेशकाचे वेतन दानाच्या चढउतारापासून सुटले. दुसरा बदल त्याहून महत्त्वाचा. नियमावली नगरसभेने स्वतः, शहरातल्या गटांच्या संमतीने, सप्टेंबर १५२८ मध्ये लागू केली. ज्यांच्या हातात देणग्या होत्या तेच करारातले पक्ष झाले, मग त्यांच्याकडून काढून घेण्याचा प्रश्नच उरला नाही. हाच साचा थोड्याफार फरकाने १५२९ मध्ये हँबर्गला आणि १५३१ मध्ये ल्यूबेकला वापरला गेला.

याची किंमतही होती. नगरसभा आत आली की तिचे वजनही आत येते. लायस्निगमध्ये दहांत तीन जागा शेतकऱ्यांच्या होत्या. मोठ्या शहरांच्या नियमावल्यांत खेड्यातला माणूस आपोआपच बाहेर राहिला. पेटी भरली, पण तिच्याभोवतीचे वर्तुळ अरुंद झाले. या अदलाबदलीबद्दल बुगेनहागेनला दोष देणे सोपे आहे, पण रिकाम्या पेटीभोवतीच्या रुंद वर्तुळाने श्नाबेलचे पोट भरले नव्हते.

सॅक्सनीत स्वतः इलेक्टरने वेगळी वाट धरली. फ्रेडरिकनंतर आलेला त्याचा भाऊ योहान याने मंडळ्यांची पाहणी सुरू केली. पाहणी करणाऱ्यांसाठी ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याने तयार केलेल्या सूचना १५२८ मध्ये छापल्या. त्या सूचना घेऊन शासनाची माणसे आणि धर्मशास्त्रज्ञ मिळून गावोगाव फिरले. पाळक काय शिकवतो हे तर ते विचारतच, पण त्याला किती मिळते, ते कुठून येते, चर्चची जमीन कोण कसतो आणि देणगीचा दस्तऐवज कुणाच्या कपाटात आहे, हेही विचारत. लायस्निगच्या पंचांना हे प्रश्न कधीच सुचले नव्हते असे नाही. फरक एवढाच, की ते विचारणाऱ्याच्या हातात आता शासकाचे पत्र होते.